राजाने राखलेला माळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

राजधानीपलीकडे एक भला मोठा माळ होता. उन्हाळ्यात तिथे डोंगरातून रानगवे उतरत, पावसाळा सरला की गवळी म्हशी सोडत. त्यामुळे गवत कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं. मध्येच उघडी जमीन, इवली इवली रानफुलं, आणि वर आभाळात चंडोल. पाखरू केवढंसं, पण गाऊ लागलं की वाटसरू जागच्या जागी थांबे.

राणीचा त्या चंडोलावर फार जीव. शेवटच्या दुखण्यात तिने राजाचा हात धरून एवढंच मागितलं, "मी नसले तरी माझा चंडोल गात राहू दे."

राजाने शब्द दिला.

ती गेल्यावर राजा रोज सकाळी माळावर जाऊ लागला. तिचं जे काही उरलं होतं, ते त्याला त्या गाण्यातच भेटायचं. एके दिवशी त्याला गवतात घरटं दिसलं. घरट्यात तीन फुटकी अंडी, आणि त्यांवर गव्याचा ताजा खूर उमटलेला. राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दिवशी हुकूम सुटला. माळावर खुराचं जनावर दिसता कामा नये. भोवती दगडी गडगा घालावा, गव्यांना डोंगरापार हाकलावं, गवळ्यांनी दुसरा मुलूख बघावा. गव्यांच्या रिकाम्या वाटाही नांगराखाली घालाव्यात. दरबाऱ्यांचं काय, ते हो ला हो करण्याचंच खात होते! एक म्हातारी गवळण तेवढी पुढे आली.

"महाराज, अंडी खुराने फुटली, खरं आहे. पण घरटं ज्या खळग्यात होतं, तो खळगाही खुरानेच केला होता. चंडोल उंच गवतात घर करत नाही."

राजाने तिचं पहिलंच वाक्य ऐकलं. दुःखी माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं, त्याला कोण काय करणार! म्हातारी म्हशी घेऊन निघून गेली.

पहिल्या वर्षी माळ हिरवागार झाला. राजा हरखला. दुसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. चरायला कुणी नाही, म्हणून वाळलेलं तिथेच आडवं पडलं आणि त्याखाली फुलांचं बी गुदमरलं. शेण नाही म्हणून शेणकिडे गेले, किडे नाहीत म्हणून पाखरं गेली. मग बोरी-बाभळींचं काटवण माजलं. पाचव्या वर्षी एकच चंडोल आला. उतरायला जागा शोधत तो माळावर घिरट्या घालत राहिला, आणि गडग्यापलीकडे उडून गेला. त्या दिवशी राजाला म्हातारीचं उरलेलं बोलणं आठवलं.

त्याने गडगा पाडला. वरातीमागून घोडं! गव्यांच्या वाटांवर आता शेतं उभी होती. गवे डोंगरापार उपासमारीने संपले होते. शेवटी राजाचा जासूद परमुलखात त्या गवळणीपर्यंत पोहोचला. ती एका परक्या ओसरीवर बसली होती. दावणी मोकळ्या होत्या.

"कुरणच उरलं नाही, म्हशी कशा उरतील?" ती म्हणाली. "महाराजांना विचार, आता मी एकटीने येऊन माळ चरू का?"

जासुदाने निरोप जसाच्या तसा सांगितला. पुढे मरेपर्यंत राजा रोज सकाळी काटवणाच्या कडेला कान देऊन उभा राहायचा. काट्यांतून वारा तेवढा ऐकू यायचा. राणीला दिलेला शब्द त्याने स्वतःच्याच हाताने मोडला होता, आणि ते जिला सांगायचं, ती राणी नव्हती.

तात्पर्य : ज्या पायांनी माळ घडतो, ते पाय हाकलून माळ राखता येत नाही.