बाई मेथी निवडून आल्या

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंवर भलतीच रागावली. गुरू-शिष्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच पर्णकुटी उभी राहणार, म्हणून आधीच सांगून टाकतो की इथे पर्णकुटी नाही. एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागे, एक लहानसं कार्यालय होतं. आईबापांचं छत्र हरपलेली मुलं संस्थेत न ठेवता एखाद्या मायाळू कुटुंबात सांभाळायला द्यायची आणि ती तिथे रुजतात की नाही हे वारंवार जाऊन पाहायचं, हे तिथलं काम. हे काम तीस वर्षं करून जिचे केस पांढरे झाले होते, त्या वृद्धेला सारे नुसतंच ‘बाई’ म्हणत. शिष्या नुकतीच पदवी घेऊन रुजू झालेली. हुशार, कष्टाळू, आणि मनानं इतकी हळवी की मुलांच्या फायली वाचतानाच तिचा रुमाल भिजायचा.

तिच्याकडे मैना नावाची सहा वर्षांची मुलगी सोपवलेली होती. दोन वर्षांत या पोरीची तीन घरं झाली होती. एक कुटुंब बदली होऊन दूर गेलं, दुसऱ्यात आजारपण शिरलं, तिसऱ्याला जमलं नाही. चौथं घर पिठाची गिरणी चालवणाऱ्या दत्तोबांचं. त्यांची बायको कालिंदी. पोटी मूल नाही, पण लेकरावर जीव ओवाळून टाकणारी.

शिष्या दर गुरुवारी भेटीला जाई. पोरीला आपल्याशिवाय आहे कोण, असं म्हणून स्वतःच्या पगारातून कधी नवा फ्रॉक नेई, कधी केसांच्या पिना. आणि दर गुरुवारी मैना थैमान घाली. बुधवारी रात्रीच अंथरूण ओलं व्हायचं. गुरुवारी नवा फ्रॉक मोरीत जायचा, आणि आवरायला गेलेल्या कालिंदीच्या मनगटावर दात उमटायचे. चार महिन्यांत नवरा-बायकोनं हात टेकले. दत्तोबांनी अर्ज लिहिला, ‘आमच्याच्यानं होत नाही, मुलीला परत न्यावं.’ महिनाअखेरीस समितीपुढे निर्णय व्हायचा होता. शिष्येनं डोळे पुसत अहवाल तयार केला की मुलगी या घरी रमत नाही, दुसरं कुटुंब पाहावं. म्हणजे पाचवं घर.

बाईंनी अहवाल वाचला. सही केली नाही.

“दर भेटीत काहीतरी नेतेस का गं?”

“पहिल्यापासून नेते, बाई. रिकाम्या हातानं कशी जाऊ?”

“या गुरुवारी मी येते बरोबर. तू काही घेऊ नकोस.”

गुरुवारी दोघी पोचल्या. त्यांना पाहताच मैना गिरणीतल्या पोत्यांमागे दडली. शिष्येला वाटलं, आता बाई तिला जवळ घेतील, काही युक्तीनं बोलतं करतील. कसचं काय! बाईंनी पोत्यांकडे मान वळवूनही पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि कालिंदीपुढची मेथीची जुडी ओढून निवडायला लागल्या. मेथीचे भाव झाले, कालिंदीच्या गुडघेदुखीची चौकशी झाली.

मधेच बाईंनी सहज विचारलं, “शुक्रवारची कशी असते गं पोर?”

“शुक्रवारपासून गुणाची असते हो,” कालिंदी म्हणाली. “ह्यांच्याबरोबर गिरणीत बसते. येईल त्याला विचारते, बारीक दळू की जाड? पण बुधवार उजाडला की अंगात येतं जसं काही.”

बाईंनी चहा घेतला, उठल्या आणि गिरणीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “येते गं कालिंदी. मैना, आम्ही निघालो.” मग चालायला लागल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारीही अगदी तेच. या वेळी कोथिंबीर. मात्र निघताना मैना दाराच्या चौकटीआडून पाहत होती.

परतताना एसटी स्टँडवर शिष्येचा बांध फुटला. “बाई, रागावू नका, पण आपण लेकरासाठी येतो की भाजी निवडायला? तिच्याशी धड एक शब्द बोलला नाहीत! आता पंधरा दिवसांत तिचं घर सुटेल, आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?”

बाईंनी तिला बाकावर बसवलं.

“ऐक पोरी. घर बदलताना लेकरानं नव्या कपड्यांत जावं, ही आपल्या कार्यालयातली रीत. मीच पाडली, मोठ्या हौसेनं. मैनेनं ती तीनदा भोगली. एक ताई येते, नवा फ्रॉक देते, गोड बोलते आणि आपल्याला घेऊन जाते. तू मायेनं फ्रॉक नेलास. तिला वाटलं, आली न्यायला. म्हणून तिनं तो मोरीत टाकला. अगं, तिला हे घर नकोसं नाहीये. या घरासाठी ती आपल्याशी भांडतेय, आणि भांडून भांडून तेच घालवायला बसलीय. तुझा अहवाल खोटा नाही, पण तू फक्त गुरुवार पाहिलेस. आपल्यातली कुणी एकटी परत गेलेली त्या पोरीला नीट दिसलेलीच नाही. ती रडत असते, नाहीतर लपलेली. ते तिला शांतपणे दिसू दे. तुझं भेटीला जाणं चांगलंच आहे. आता तिच्या डोळ्यांदेखत निघून यायला शीक.”

इतके दिवस शिष्या ज्या थैमानाचं कारण शोधत होती, ते ती स्वतःच होती. तिला फार फार रडू आलं, आणि बाईंनी रडू दिलं.

बाईंनी दत्तोबांनाही सारं समजावलं. शेवटच्या गुरुवारपर्यंत पाहू, असं ते म्हणाले.

त्या गुरुवारी शिष्या एकटी गेली. पावटे सोलत बसली. बुधवारची रात्र कोरडी गेल्याचं कालिंदीनं हळूच कानात सांगितलं. थोड्या वेळानं केसांत पीठ भरलेली मैना दारात येऊन उभी राहिली.

“ताई, तू कधी जाणार?”

“ही काय, निघालेच.”

“मग जा ना. आम्हाला जेवायचंय.”

“अगं कार्टे!” कालिंदी ओशाळली. “ताईंना पण वाढू की आपण.”

“नको. त्यांचं घर आहे ना त्यांना.” एवढं बोलून मैनेनं शिष्येच्या चपला ओढत आणून तिच्या पुढ्यात ठेवल्या. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली होती. गिरणीच्या दारात दत्तोबा उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन त्यांनी अर्ज परत मागितला.

त्या गुरुवारच्या संध्याकाळी शिष्या कार्यालयात आली. “बाई, तिनं मला चक्क हाकललं!”

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “वाईट वाटलं?”

“वाटलं. आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू!”

“दोन्ही वाटू दे,” बाई म्हणाल्या. “यातलं एक जरी वाटेनासं झालं, तर मला येऊन सांग.”

शिष्येनं मान हलवली, आणि जुना अहवाल फाडून नवा लिहायला बसली.