दसऱ्यापासून दमलेलं कार्ड

“...ते सगळं खरं, बुवा, पण आठ जीबीचं घेऊ की बारा जीबीचं, एवढंच सांगा ना!”

बुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत राहिले.

शार्दूलच्या हातात फोन होता. फोनच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापुरातल्या एका दुकानात, त्याचा मामा ताटकळत उभा होता. भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन द्यायचं मामाने कबूल केलं होतं. खेळातलं चित्र पडद्यावर भराभर उमटवायचं काम या कार्डाचं. कोणतं कार्ड घ्यायचं ते मात्र भाच्याने सांगायचं होतं.

“शार्द्या,” फोनमधून मामा ओरडला, “लवकर ठरव बाबा. दुकानदार माझ्याकडं फुकट्या पाव्हण्याकडं बघावं तसा बघायला लागलाय. आणि तो विचारतोय, तुझ्या त्या डब्यात एवढं लांब कार्ड मावंल का?”

“डबा नाही मामा, कॅबिनेट.”

“तेच ते. मावंल का?”

“थांब, बुवांना विचारून सांगतो.”

त्याने फोन ठेवला.

शार्दूल बसला होता त्या डोंगरावरच्या मठात जिथे पूर्वी धान्याच्या कणग्या होत्या, तिथे आता कॉम्प्युटर होते. संन्यास घेण्याआधी बुवा यंत्रांच्या कामात होते. पंचक्रोशीतल्या मुलांना कॉम्प्युटर तेच शिकवत, आणि मोटारशर्यतीचा खेळ खेळणारा तालुक्याचा संघही तेच निवडत.

संघात आता एकच जागा उरली होती.

ती शार्दूलला मिळायची, नाहीतर मेहेर शिकलगारला. चार वाजता दोघांची शर्यत होती. ज्याने त्याने आपापल्या मशीनवर खेळायचं, म्हणजे मागाहून कुणाची कुरकुर नको, असा मठाचा नियम होता.

गेल्या वर्षी या जागेवर शार्दूल होता. स्पर्धेहून परतला तेव्हा गावाने त्याला हलगी लावून वेशीतून आत आणलं होतं. तेव्हा मेहेर त्याच्या खुर्चीमागे उभी राहून, तो वळणं कशी घेतो ते बघून बघून शिकत होती.

आता ती त्याला हरवत होती.

“बुवा, शर्यत रविवारवर ढकला,” शार्दूल म्हणाला. “तोवर नवं कार्ड येतं. जुन्या कार्डावर खेळणं म्हणजे... लंगड्या घोड्यावर बसून पळण्यासारखं आहे.”

पलीकडे आपल्या मशीनसमोर मेहेर तिखटमीठ लावलेला पेरू खात बसली होती.

“थांबते की मी,” ती म्हणाली. “आधी कार्ड येऊ दे. मग नवी खुर्ची येऊ दे. मग त्यावर बसायला नवा शार्दूल कुठून आणतोयस तेही बघते.”

“तू गप गं!”

“बरं बाई.” तिने पेरूचा मोठा लचका तोडला.

बुवांनी शेंगांची टोपली बाजूला सरकवली.

“जुनं दमलंय म्हणतोस?”

“पार दमलंय.”

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून.”

“दसऱ्याला काय झालं?”

“काय होणार? पूजा केली त्याची.” शार्दूलचा आवाज चढला. “खंडेनवमीला लोक कोयत्या-कुदळींची करतात तशी मी मशीनची केली. सगळ्या वायरी काढल्या. प्रत्येक वायर ओल्या फडक्याने पुसली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. शेजाऱ्यांच्या बैलांची पोळ्याला एवढी बडदास्त नसते, बुवा. आणि इतकी सेवा करूनही त्याने मला दगा दिला. दुसऱ्या दिवसापासून अडखळायला लागलं, ते आजपर्यंत.”

“वायरी तू काढल्यास?”

“मीच. माझ्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालत नाही.”

“त्याआधी कधी काढल्या होत्यास?”

“नाही. दुकानदाराने लावून दिल्या होत्या, तशाच होत्या.”

“परत कुणी लावल्या?”

“मीच.”

“हं...”

बुवा उठून मशीनजवळ आले. 

आजही शार्दूलने मशीन मठात आणलं ते छातीशी धरून. मदतीला आलेल्यांना त्याने चार हात लांब ठेवलं होतं आणि मागे हात घालून, न बघताच, अंदाजाने एकेक वायर लावली होती.

“खेळून दाखव,” बुवा म्हणाले.

शार्दूल खेळला. सपाट रस्त्यावर गाडी बरी पळाली. घाटाच्या पहिल्याच वळणावर चित्र अडकलं, मग एकदम पुढे उडी मारून गेलं. गाडी कठड्याला घासली.

“बघितलंत?”

बुवा पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी कॅबिनेटवर तळहात टेकवला होता. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

“पाय धुतलेस का रे येताना?”

शार्दूल गोंधळला. मठात येणाऱ्याने विहिरीवर पाय धुऊन आत यायचं, ही तिथली जुनी रीत. घाईत तो तसाच आला होता.

“राहिलंच, बुवा.”

“मग धुऊन ये. सावकाश ये.”

“पण मामा तिकडे—”

“मामा उभा राहील.”

शार्दूल धुसफुसत गेला. विहिरीवर त्याने पायांवर कसंबसं पाणी ओतलं. खिशातला फोन पुन्हा वाजत होता. सूर्य कलायला लागला होता. चार वाजायला फार वेळ नव्हता, आणि हे म्हातारं पाय धुवायला लावतंय!

तो परत आला, तेव्हा खोली होती तशीच होती. मशीन सुरू होतं. पडद्यावर त्याची लाल गाडी उभी होती. बुवा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर उपरणं पसरलेलं.

मेहेरच्या तोंडातली पेरूची फोड मात्र तशीच गालात राहिली होती. ती खाली फरशीकडे बघत होती.

“आता पुन्हा खेळ,” बुवा म्हणाले. “आणि बोलत खेळ. कार्ड कुठे कुठे दगा देतं ते मला सांगत जा. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही.”

शार्दूल पुढे सरसावला. इतक्या वेळाने बुवांनी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

“हे बघा, इथे ठीक आहे. सरळ रस्ता आहे ना, म्हणून. आता घाट येईल... आला. ऐका हं, आता त्याला धाप लागेल... लागली! बघा, चित्र कसं गचकलं.”

“हं.”

“आता ते तापलंय. तापलं की मुद्दाम करतं. हे दुसरं वळण... हे मी डोळे मिटून घेतो एरवी. पण हे कार्ड मला घेऊ देणार नाही. बघाच तुम्ही. आता अडवणार... अडवलं!”

गाडी कठड्यावर आदळली.

“फार छळतं तुला.”

“वैरी आहे, बुवा. पूर्वजन्मीचा वैरी. मेहेरशी नाही, मी रोज याच्याशी शर्यत लावतो.”

“आत्तासुद्धा?”

“आत्तासुद्धा!”

बुवांनी मांडीवरचं उपरणं उचललं.

खाली ग्राफिक्स कार्ड होतं. त्याचे दोन पंखे, कडेला चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी... सगळं ओळखीचं.

पडद्यावर शार्दूलची गाडी आपसूक पुढे जात राहिली, आणि दरीत पडली.

“हे... हे कुणाचं?”

बुवांनी कॅबिनेटकडे बोट केलं.

शार्दूलने कॅबिनेटचं झाकण ओढलं. आत, जिथे कार्ड असायला हवं, तिथे मोकळी जागा होती. आणि पडदा तर सुरू होता. खेळही सुरू होता. तोच अडखळत चालणारा खेळ, जसा दसऱ्यापासून रोज चालत होता.

बुवांनी कार्ड त्याच्यापुढे धरलं. पडद्याची वायर जिथे खुपसतात ती कार्डाची खाच त्याच्याकडे केली. खाचेत कुंकू होतं. कोरडं, काठोकाठ. एक कणही हललेला नव्हता.

पूजेनंतर त्या खाचेत वायर गेलीच नव्हती.

पडद्याची वायर कार्डाच्या खाचेत लावायची असते. कॉम्प्युटरची स्वतःचीही एक खाच असते, तिच्या जरा वर. तिथे लावली तरी चित्र दिसतं, पण मग कार्ड नुसतं आत बसून राहतं. शार्दूलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर त्याने ही चूक एका नजरेत पकडली असती, आणि वर वर्षभर त्याला चिडवलं असतं.

“म्हणजे हे दमलेलं...” शार्दूलने कार्ड हातात घेतलं.

“त्याला कुणी कामच सांगितलं नाही,” मेहेर हळूच म्हणाली. या वेळी ती चिडवत नव्हती. त्यामुळे ते जास्तच लागलं.

फोन वाजला.

“अरे, आठ का बारा?” मामा ओरडला. “हे लोक आता शटर ओढतील माझ्या अंगावर!”

“मामा... नको.”

“नको म्हंजे? कुठलं नको?”

“कुठलंच नको. तू ये परत.”

“बुवा म्हणाले होय रं तसं?”

शार्दूलने बुवांकडे पाहिलं. बुवा पुन्हा शेंगा सोलायला लागले होते.

“नाही. ते काही बोललेच नाहीत.”

त्याने फोन बंद करून टाकला.

मग मशीन बंद केलं. खाचेतलं कुंकू फुंकून आणि सुती कापडाच्या टोकाने काढलं. कार्ड जागेवर बसवलं. कॅबिनेट फिरवून, या वेळी नीट बघत, वायर योग्य जागी लावली. 

पडदा उजळला. त्याने गाडी घाटात घातली.

तेलाची धार पडावी तसं चित्र वाहू लागलं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. कुठे धक्का नाही, कुठे धाप नाही. शार्दूल मोठ्याने हसला.

“मेहेर, बघ! बघ गं!”

“बघितलं.” ती उठली. तिच्याही चेहऱ्यावर हसू होतं. “बरं झालं बाबा. मलाही आजवर जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. प्रत्येक वेळी तुझं ते कार्ड-पुराण. आज कळेल एकदाचं. चार वाजलेच, हात चिकट झालेत, धुऊन येते.”

ती विहिरीकडे गेली.

शार्दूलचं हसू ओसरलं.

त्याने गाडी थांबवली.

“बुवा...”

“हं.”

“दसऱ्यापासून ती जिंकली, तेव्हा माझं कार्ड बंद होतं.”

“होतं.”

“म्हणजे त्या शर्यती धरायच्या नाहीत.”

“नको धरूस.”

“म्हणजे खरं तर मी तिच्याकडून अजून एकदाही हरलेलो नाही.”

एक शेंग फुटली. दाणे टोपलीत पडले.

“नाहीस.”

शार्दूलने पडद्याकडे पाहिलं. चित्र स्वच्छ होतं, स्थिर होतं. घाटातला प्रत्येक दगड दिसत होता. इतकं स्वच्छ चित्र त्याने कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि आता त्याला त्याकडे बघवत नव्हतं.

बाहेर विहिरीवर बादली आपटल्याचा आवाज झाला.

“पण आज जर...” त्याने दाराकडे पाहिलं. “आज जर हरलो, तर खरंच हरलो.”

बुवांचे हात थांबले. 

शार्दूलचा उजवा हात हळूहळू कॅबिनेटच्या मागे गेला. बोटांना वायर लागली. त्याने ती धरली. ओढली नाही. नुसती धरून बसला.

फरशीवर ओल्या पावलांचा आवाज आला. लांबून, मग जरा जवळून. मेहेर काहीतरी गुणगुणत येत होती.

“बुवा,” तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. मान वर करायचं धाडस त्याला होत नव्हतं. “आजची एकच शर्यत... वायर परत त्या वरच्या, चुकीच्या खाचेत लावली, तर चालेल का?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे...

“चालेल,” ते म्हणाले. “मेहेर आत येऊ दे. तिच्यादेखत लाव.”