पाहुण्यांना झालेला उशीर

मुरुडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घराण्यातल्या डॉक्टर खैरुन्निसा यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेत मोठं नाव कमावलं होतं. एका तालुक्याच्या कॉलेजने त्यांना बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. पण त्यांचा काळा रंग आणि कुरळे केस बघून फाटकावरच्या वॉचमनने त्यांना परदेशी ठरवलं. त्या चांगल्या मराठीत आपली ओळख सांगत राहिल्या, तरी खात्री पटेपर्यंत त्याने त्यांना उन्हात उभं ठेवलं.

त्या व्यासपीठावर पोहोचल्या, तेव्हा अध्यक्ष भाऊसाहेबांचं भाषण रंगात आलं होतं. कॉलेज भाऊसाहेबांच्याच आजोबांनी काढलेलं.

“रंग, जात हे सगळे हरणाऱ्यांचे बहाणे! मला कधी काही आडवं आलं नाही. वेळ पाळली की यश मिळतं,” असं म्हणून ते पाहुण्यांकडे वळले. “बाई, तुम्हाला मात्र उशीर झाला हं!”

डॉक्टरांनी थकल्या आवाजात विचारलं, “भाऊसाहेब, तुम्हाला फाटकावर कोणी अडवलं का?”

“मला कोण अडवणार?”

“तेच म्हणते मी. फाटकापर्यंत मीही वेळेवरच आले होते.”

सभागृहात टाळ्या कडाडल्या. भाऊसाहेब भाषण आवरून खाली बसले. डॉक्टरांना मात्र जिंकल्यासारखं वाटलं नाही. असली उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागून त्यांना आता तोंडपाठ झाली होती, आणि ती विसरता आली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं.