वाचस्पती पोपटाचं एकच भाषण

एका राज्यात माणसं पायाकडून दगड होत होती. आधी तळवे, मग पोटऱ्या, मग गुडघे. राजाच्या आजोबांनी एका मांत्रिकाची सोन्याची घंटा पळवून काळ्या डोंगरात दडवली होती, त्याचा हा शाप. घंटा परत केली की शाप उतरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण डोंगराच्या दाराला दोन कुलपं होती आणि दाराच्या आत दगडी भिंत. एक किल्ली कोठाराच्या भांडाऱ्याकडे, दुसरी सेनापतीकडे, आणि भिंत फोडणारा घण पाथरवटांकडे. तिन्ही वस्तू राजीखुशीने मिळायला हव्यात. हुकमाने घेतल्या तर त्या मेणासारख्या वितळत आणि पुन्हा धन्याकडे जाऊन बसत.

राजदूत अंबुजेची धाकटी बहीण शरावती कमरेपर्यंत दगड झाली होती. शाप छातीला पोचला की श्वास थांबणार होता.

त्या राज्याची रीत मोठी शहाणी! दरबारात पसंत पडलेलं भाषण राजाचा पोपट वाचस्पती पाठ करी आणि दारोदार जाऊन जसंच्या तसं म्हणून दाखवी. ऐकणारा कोणीही असो, एक शब्द बदलला तर राजाचा अपमान. किल्ल्या आणि घण मागणारं भाषण घेऊनही पोपट तिन्ही दारी जाऊन आला आणि रिकामाच परतला.

“भांडारी काय म्हणाले?” अंबुजेने विचारलं.

“झोपले.”

“सेनापती?”

“हसले.”

“पाथरवट?”

“उठून गेले.”

“तू सांगितलंस तरी काय त्यांना?”

“दरबारात झालं तेच. आधी राजघराण्याची स्तुती, मग घंटेचं वर्णन, मग धर्माची महती, शेवटी विनंती.”

“पाथरवटांपुढे राजघराण्याची स्तुती?” अंबुजेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कोणत्या गाढवाने रचलं हे भाषण?”

“आपण,” पोपट म्हणाला.

खरंच होतं. राजाला आवडावं म्हणून तिनेच ते रात्रंदिवस घोटलं होतं. राजाने खूश होऊन मोत्यांची माळ दिली, तेव्हा फुशारलीही होती. तिने ती माळ गळ्यातून तोडली आणि भिरकावून दिली. इतका संताप तिला आजवर कोणाचाच आला नव्हता.

मग ती स्वतः निघाली. भांडाऱ्यापुढे तिने रिकामं मापटं आपटलं. “पुढच्या सुगीला हे कोण भरणार? पेरणाऱ्यांचे पाय दगड झालेत.”

भांडाऱ्याची झोप उडाली. “किल्ली दिली आणि काही बिनसलं, तर राजाला जबाब कोणी द्यायचा?”

“मी. माझं नाव सांगा.”

त्याला एवढंच हवं होतं. त्याने किल्ली काढून दिली.

सेनापतीला बसून ऐकायची सवय नव्हती. अंबुजेने उभ्या उभ्या भाल्याच्या टोकाने मातीत रेघ ओढली. “शाप या वाटेने येतोय. काल नदी ओलांडली. पुढे तुमचा किल्ला आहे. दगडी पायांनी लढता येत नाही.”

“माणसं किती लागतील?” सेनापतीने विचारलं आणि किल्ली पुढे केली.

आता अंबुजेला आपण जिंकलोच असं वाटू लागलं. पाथरवटांच्या वस्तीत जाऊन तिने तीच रेघ ओढली, त्याच आवेशात शौर्याच्या गोष्टी सांगितल्या. पाथरवटांनी पाठ फिरवली.

“तुम्हाला माणसांची काही पडलीच नाही का?” ती ओरडली.

त्यांची म्होरकी साळूआई घणाला टेकून बसली होती. ती म्हणाली, “पोरी, सेनापतीचं भाषण आमच्याकडं कशापायी आणलंस?”

अंबुजा धुळीत बसली. म्हणाली, “आई, मग तुम्हीच सांगा. डोंगरातली भिंत फोडायला का नको?”

“घंटा ठेवायला राजाच्या आज्यानं आमचीच माणसं आत नेली व्हती. जागा कुणाला कळू नये म्हणून त्यांच्यासकट दार लावलं. माझा बाप आत हाय. तुज्या पोपटानं त्याच्याच घराण्याची आरती गायली.”

अंबुजा संतापली, स्वतःवरच. ती स्तुती तिचीच होती, शब्दन् शब्द. ती उठली. “घंटा नंतर. आधी तुमची माणसं बाहेर येतील. राजा आडवा आला तर आधी माझ्याशी गाठ आहे.”

साळूआईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि घण तिच्या ओंजळीत ठेवला. तो वितळला नाही.

कुलपं उघडली, भिंत फुटली. आधी हाडं बाहेर आली. राजा म्हणाला, “आधी घंटा!” अंबुजा त्याच्या वाटेत उभी राहिली आणि हलली नाही. सेनापतीही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. शेवटचं हाड कापडात बांधून झालं, तेव्हा घंटा बाहेर निघाली. मांत्रिक वेशीवर वाट पाहत होता. त्याने ती घेतली, एकदा वाजवली आणि निघून गेला. गावोगाव दगडाला घाम फुटला आणि माणसं चालू लागली.

“किती उशीर केलास, ताई!” शरावती रडत रडत भांडली. अंबुजेने तिचे ऊन पाय छातीशी धरले.

दरबार भरला. राजा म्हणाला, “वाचस्पती, जा, आमच्या विजयाची वार्ता राज्यभर सांग.”

पोपटाने पंख पसरले, पुन्हा मिटले. त्याने अंबुजेकडे पाहिलं, मग राजाकडे. जन्मात पहिल्यांदाच त्याने स्वतः प्रश्न विचारला.

“कोणाला?”