वणव्याची हाक

सिंहाचं एक राज्य होतं. राज्य एकसंध होतं, म्हणजे झाडाचं पानसुद्धा राजधानीला विचारून हलायचं. त्या राज्याच्या अगदी टोकाला, नदीकाठी, बोरखळ नावाची वाडी होती. तिथली सरपंच होती भिवरा साळिंदर. नदीपलीकडे वाघाचं राज्य.

वणव्याला मात्र सीमा कळत नसे. तो कधी तिकडून इकडे उडी मारी, कधी इकडून तिकडे. मागच्या उन्हाळ्यात भिवराच्या बहिणीचं बीळ त्यात गेलं, पिलांसकट. तेव्हा भिवरा पलीकडच्या पाणमांजरांचा म्होरक्या केरबा याला भेटली. ठरलं ते एवढंच: धूर ज्याला आधी दिसेल त्याने हाक द्यायची, दोन्ही काठांनी धावायचं.

बातमी राजधानीला लागली. परराष्ट्रमंत्री कोल्हा जातीने आला. वाडीचा पाहुणचार पोटभर झोडून त्याने सार्वभौमत्वावर भाषण ठोकलं. मग भिवराला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, परक्या मुलखाशी बोलायचा अधिकार फक्त महाराजांना."

"मग हाक महाराजांनीच मारावी," भिवरा म्हणाली. "पण वणवा आला की त्यांना कुणी उठवायचं, तेवढं सांगून जा."

शेवटी हुकूम निघाला की हाक मारण्याआधी राजधानीची परवानगी आणावी. ती आणायचं काम गोगलगाईकडे सोपवलं. ती मंत्र्यांच्या मेहुण्याच्या नात्यातली होती.

चैत्रातल्या दुपारी धूर दिसला. गोगलगाय लगबगीने निघाली आणि वेशीपर्यंत पोचलीसुद्धा. भिवराने तिच्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. बहिणीचं बीळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती खडकावर चढली आणि जीव खाऊन ओरडली, "केरबा, ये रे बाबा, पेटलंय."

पाणमांजरं नदी ओलांडून आली, ओल्या अंगाने गवतात लोळली. साळिंदरांनी चर खणले. अंधार पडता पडता आग वेशीवरच विझली. कुणाचं पिल्लू गेलं नाही. केरबाने आणलेला मासा साळिंदरांच्या उपयोगाचा नव्हता, तरी भिवराने तो मानाने हातात धरला आणि तिला रडू आलं.

महाराजांच्या दूरदृष्टीने वणवा विझल्याचं राजधानीत जाहीर झालं. परक्यांशी संधान बांधलं म्हणून भिवराची सरपंचकी गेली. त्याच पंधरवड्यात सगळं मंत्रिमंडळ सहकुटुंब वाघाच्या राज्यात अभ्यासदौऱ्यावर गेलं. विषय होता, छोट्या वाड्या आग कशी विझवतात. बोरखळ वाटेतच लागत होती, पण तिथे परदेशभत्ता लागू नसल्यामुळे कुणी थांबलं नाही.