पाळण्याच्या कमानीवरचा डाग

हत्यारं अजून एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. घरामागच्या पडवीत हातोडीचा शब्द चाले. तिचा सगळा जन्म लोखंड ठोकण्यात गेलेला. बाळाच्या पाळण्याला कमान करायला अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आल्या. पहिलीला हातोडीने गार असतानाच ठोकलं, आणि ती वाकता वाकता तडकली. हातोडीच्या काळजात चर्र झालं, पण तोंडाने ती म्हणाली, "नाजूकच होती मेली!"

उरलेली पट्टी म्हणाली, "ताई, मला आधी तापवा ना."

"तापवते. लाल झालीस की वाकवते," हातोडी म्हणाली. स्टोव्ह पेटला.

तोच कोनाड्यातून साबणाचा तुकडा ओरडला, "अहो ताई, ती लोखंड नाही! ती लाल होत नाही. तुम्ही वाट बघत बसाल आणि ती वितळून जाईल."

"मग पुरेशी तापली हे मला कळायचं कसं?"

"मला तिच्या अंगावर घासा. मी काळा पडलो की लगेच आच काढा."

"अरे, पण तू जळशील!"

"तिचं पोळणं दिसत नाही ना, ताई. माझं दिसेल."

पट्टीवर घासलेला साबण काळा पडला, तशी हातोडीने आच काढली. पट्टी निवली, तरी तापून आलेला मऊपणा तिच्यात राहिला होता; हातोडीने तिला गोल पाइपावर टेकवलं आणि हलक्या हाताने वाकवलं. कुठे चीरसुद्धा गेली नाही.

कमान तयार झाली. तिच्यावरचा काळा डाग पुसायला फडकं पुढे सरसावलं.

"तेवढा राहू दे," हातोडी म्हणाली. "साबण आहे तो."