यंत्राला आडवी आलेली लिंबू-मिरची

सावद्याचे केळीव्यापारी प्रल्हादशेठ यांच्या जुन्या पिकअपला वैजयंती भंगाळे या इंजिनिअर मुलीने आपोआप पार्क होण्याची यंत्रणा बसवली. बघायला अख्खा बाजार लोटला. वैजयंतीने बटण दाबलं, पण गाडी जागची हलेना. नुसती पीं पीं करत राहिली.

शेठ खो खो हसले. "आंधळंच निघालं की तुझं यंत्र!"

वैजयंती मागे गेली. शेठनी सकाळीच बंपरला लिंबू-मिरची टांगली होती, नेमकी सेन्सरसमोर.

"शेठ, यंत्राला ही आडवी आलेली दिसतेय. एवढी काढा."

"मुळीच नाही! अपघात तीच टाळते. तू तुझं यंत्र काढ."

"बरं. यंत्र बंद करून मीच गाडी मागे घेते. तुम्ही फक्त लिंबू-मिरचीच्या मागे, मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा."

शेठनी भिंतीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडली.

वैजयंतीने गाडीत बसून पुन्हा बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. स्टिअरिंग आपलं आपण गरगर फिरलं. दोन ट्रकांमधल्या चिंचोळ्या जागेत पिकअप अलगद शिरली आणि भिंतीपासून वीतभर अलीकडे थांबली.

शेठ लिंबू-मिरची घेऊन पुढे आले. "ताई, ही आतून स्टिअरिंगला बांधा. दृष्ट लागायची त्याला."